प्रवासी सुरक्षा वस्तरा

प्रवासी सुरक्षा वस्तरा : प्रवासात जवळ बाळगता यावा म्हणून आखूड किंवा सुट्या भागांची मूठ असलेला आणि लहान पेटीत मावणारा दाढीचा वस्तरा. व्यवहारात त्यास ‘सेफ्टी रेझर’ किंवा नुसते ‘रेझर’ म्हणतात. पाते, पात्यावर बसणारे टोपण, पात्याखालची संरक्षक कडेची तबकडी आणि या तिघांना आवळून धरणारी मूठ हे त्याचे मुख्य भाग होत. पात्याची धार कडेच्या बाहेर अगदी थोडी डोकावत असल्याने ती कातडीत खोल शिरू शकत नाही. या अर्थाने तो ‘सुरक्षा’ वस्तरा होय.

घरगुती वस्तरा लहान करून प्रवासी वस्तरा तयार झाला, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता हा क्रम जवळजवळ उलटा दिसतो. दाढीसाठी न्हाव्यावर अवलंबून न राहणारा आणि सतत हलता राहणारा मनुष्य, मग तो फिरता विक्रेता असो की खंदकातला सैनिक, हाच सुरक्षा वस्तऱ्याचा पहिला मोठा ग्राहक होता. घरातील फडताळात हा वस्तरा स्थिरावला तो नंतर.

इतिहास : बंद केलेला जुना उघडा वस्तरा आकाराने फारसा मोठा नसतो, घडी घातल्यावर तो खिशातही राहतो. तरीही प्रवासाला तो गैरसोयीचाच होता. त्याच्याबरोबर धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा न्यावा लागे, पट्टा अडकविण्यास जागा लागे आणि हात स्थिर असावा लागे. हलत्या आगगाडीत किंवा जहाजावर यांपैकी शेवटची गोष्ट मिळणे कठीण. शिवाय धार लावणे हे शिकून येणारे कसब आहे. त्यामुळे बहुतेक समाजांत हे काम व्यावसायिकाकडे राहिले. महाराष्ट्रातील गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार असून वस्तरा, कातर, चिमटा, नराणी इ. साधने त्याच्या धोकटीत असत. त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. अशा व्यवस्थेत गिऱ्हाइकाने स्वतःचा वस्तरा बाळगण्याचे कारणच नव्हते आणि परगावी गेलेल्या माणसाने तेथील न्हाव्यापुढे बसावे, हा रिवाज होता.

स्वतःची दाढी स्वतः करता यावी, हा विचार यूरोपात अठराव्या शतकात ठळकपणे पुढे आला. झां झाक पेरे या फ्रेंच सुरीकाराने सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन वस्तऱ्याच्या पात्यास लाकडी आवरण बसविले आणि १७६९ मध्ये स्वहस्ते दाढी करण्याच्या कलेवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम सॅम्युएल हेन्सन याने मुठीशी काटकोनात, कुदळीप्रमाणे, पाते बसविण्याचे एकस्व घेतले. हेन्सन हा १८४२ मध्ये वाफेवर चालणाऱ्या विमानाची योजना मांडणारा संशोधक म्हणूनच अधिक परिचित आहे. त्याचे विमान उडाले नाही. वस्तऱ्याचा त्याने ठरविलेला आकार मात्र आजतागायत टिकून आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काम्पफे बंधूंनी १८८० मध्ये ‘स्टार’ वस्तऱ्याचे एकस्व घेतले. ‘सुरक्षा वस्तरा’ ही संज्ञा तेथपासून रूढ झाली. या वस्तऱ्याचे पाते जुन्या वस्तऱ्याचाच जाड, पाचरीसारखा तुकडा असल्याने ते काढून पट्ट्यावर परजावे लागे. म्हणजे जखमेची भीती गेली, पण धार लावण्याचे ओझे तसेच राहिले.

हे ओझे किंग कँप जिलेट (१८५५—१९३२) याने दूर केले. बाटल्यांची बुचे विकणारा हा फिरता विक्रेता होता. लोक वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू शोधावी, असा सल्ला बुचाचा संशोधक विल्यम पेंटर याने त्यास दिला होता. १८९५ मध्ये बोथट झालेल्या वस्तऱ्याने दाढी करण्याच्या वेळी, धार लावावी न लागणाऱ्या पातळ पोलादी पात्याची कल्पना त्यास सुचली. इतक्या पातळ पत्र्यास पाणी देऊन टिकाऊ धार काढता येणार नाही, असे धातुतज्ञांचे मत होते. विल्यम एमेरी निकर्सन या अभियंत्याने ती अडचण सोडविली. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. पुढील वर्षी वस्तऱ्यांचा खप ९०,००० वर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेटला एकस्व मिळाले. संचाची किंमत पाच डॉलर म्हणजे तत्कालीन कामगाराला जड वाटावी अशी होती.

प्रवासाच्या दृष्टीने जिलेटच्या रचनेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे तीन सुटे भाग. मूठ उलट फिरविली की वस्तरा मोकळा होतो, टोपण व तबकडी एकावर एक सपाट बसतात आणि मूठ शेजारी आडवी राहते. कंपनीने १९०८ च्या सुमारास ‘पॉकेट एडिशन’ या नावाने खिशातील चपटा संच काढला, त्यात या गुणाचाच उपयोग केला होता. पाती स्वतंत्र लहान डबीत ठेवली जात. दगड आणि पट्टा यांची जागा आता कागदात गुंडाळलेल्या पात्यांनी घेतली होती.

पहिल्या महायुद्धाने या वस्तऱ्यास सार्वत्रिक केले. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. दाढीचे खुंट वाढलेले असल्यास फटी राहतात. खंदकातील चिखलात उघडा वस्तरा परजणे तर अशक्यप्रायच होते. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर तेथील सरकारने सैनिकांसाठी सु. ३५ लक्ष वस्तरे आणि ३ कोटींहून अधिक पाती मागविली. खाकी आवरणातील हे संच आटोपशीर असून त्यांपैकी काहींच्या झाकणात न फुटणारा धातूचा आरसा असे. युद्ध संपल्यावर सैनिक आपापले वस्तरे घरी घेऊन गेले. रोज स्वतः दाढी करण्याची सवयही त्यांच्याबरोबर घरी गेली, आणि कंपनीच्या दृष्टीने हीच खरी मिळकत होती. कारण वस्तरा एकदाच विकला जातो, पाती मात्र जन्मभर.

न्हाव्यापासून मिळालेली ही मोकळीक अशा रीतीने पात्यांच्या पुरवठ्याशी बांधली गेली. दूरवर जाणाऱ्या प्रवाशास ही अडचण विशेष जाणवे आणि तिच्यावरील उपाय म्हणून वेगळ्या जातीचे वस्तरे निघाले. हेन्री गाइझमन याच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ वस्तऱ्यात पाते न काढताच डोक्यातून पट्टा ओढून धार करता येई. इंग्लंडमधील ‘रोल्स’ वस्तरा याहून चतुर होता. त्याच्या धातूच्या पेटीच्या एका झाकणात दगड व दुसऱ्यात चामडे बसविलेले असून मूठ पुढेमागे सरकविली की आतील पाते आपोआप उलटून दोन्ही बाजूंनी परजले जाई. एकच पाते वर्षानुवर्षे पुरे, तेव्हा पात्यांच्या दुकानापासून दूर राहणाऱ्याला तो उपयोगी होता. परंतु पेटी वजनदार होती आणि यंत्रणा स्वच्छ ठेवणे कटकटीचे होते. जेकब शिक या माजी सेनाधिकाऱ्याने बंदुकीच्या गोळ्यांप्रमाणे पात्यांचा साठा मुठीतच ठेवणारा वस्तरा १९२०—३० या दशकात बाजारात आणला. पुढे तो विजेच्या वस्तऱ्याकडे वळला.

जिलेटच्या मूळ एकस्वाची मुदत १९२१ मध्ये संपली, तेव्हा इतर अनेक कारखाने तीच पाती बनवू लागले. १९३० मध्ये जिलेटने पात्याच्या मध्यभागी लांब खाच असलेली नवी रचना आणली. गाइझमनच्या कंपनीने तशाच रचनेवर आपला हक्क सांगितल्याने वाद उद्‌भवला आणि तो दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाने मिटला. (या व्यवहाराच्या हिशेबतपासणीत जिलेट कंपनीने आपला नफा फुगवून दाखविल्याचेही उघडकीस आले.) या घटनेचा प्रवाशाला झालेला लाभ त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. खाचेचे हे दुधारी पाते जवळजवळ जगाचे प्रमाण ठरले आणि एका देशातील वस्तऱ्यात दुसऱ्या देशातील पाते बसू लागले.

दुसऱ्या महायुद्धकाळात नागरिकांना पाती मिळणे कठीण झाले. काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगावर बोटाने दाबून पाते घासण्याचा घरगुती उपाय पुष्कळ देशांत केला जाई. भारतातही तो परिचित होता. येथे सुरुवातीस पाती परदेशांतून येत. स्वातंत्र्योत्तर काळात कलकत्त्याचा हरबन्सलाल मल्होत्रा उद्योगसमूह आणि ठाण्याची विद्युत मेटॅलिक्स या कारखान्यांनी देशी पात्यांचे मोठे उत्पादन केले. शहरात नोकरी-शिक्षणासाठी खोली करून राहणाऱ्या मराठी माणसाच्या ट्रंकेत वस्तरा, साबणाची वाटी, कुंचला आणि तुरटीचा खडा हा सरंजाम ठरलेला असे. निकामी पाते टाकून देण्याची मूळ कल्पना मात्र येथे फारशी रुजली नाही. पेन्सिलीला टोक काढणे, शिवण उसवणे, नखे कापणे अशी कामे संपल्यावरच ते टाकले जाई.

निवड : प्रवासी वस्तरा किती लहान करता येईल याला एक नैसर्गिक मर्यादा आहे. दुधारी पाते सु. ४३ मिमी. लांब व २२ मिमी. रुंद असते आणि डोके त्याहून लहान होऊ शकत नाही. लहानपणा साधायचा तो मुठीतच. नेहमीची मूठ सु. ७५ ते १०० मिमी. असते, प्रवासी वस्तऱ्यात ती एक तर आखूड करतात किंवा एकमेकांत पेचाने बसणाऱ्या दोन तुकड्यांची करतात. जर्मनीतील झोलिंगेन येथे दुसऱ्या प्रकारचे वस्तरे चामडी पाकिटासह तयार होतात. दोन्ही प्रकारांत काही तरी सोडावे लागते. आखूड मुठीमुळे बोटे फेसाच्या जवळ येऊन निसटतात, तसेच वस्तऱ्याचे वजन घटते. वजनदार वस्तरा आपल्याच भाराने केस कापतो. हलक्या वस्तऱ्यावर नकळत दाब दिला जातो आणि बहुतेक जखमा या दाबामुळे होतात. म्हणून आखूड परंतु जाड व खरबरीत पृष्ठाची मूठ लांब, बारीक व गुळगुळीत मुठीपेक्षा बरी. तुकड्यांच्या मुठीत हा दोष नसतो, मात्र तिचे पेच सैल पडले की डोके डळमळते व पात्याचा कोन बदलतो.

धातूकडे याहून अधिक लक्ष द्यावे लागते. जुने वस्तरे निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचे असत. पुढे अनेक उत्पादकांनी स्वस्त पडणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूचा अवलंब केला. हा धातू ओतण्यास सोपा, पण ठिसूळ असल्याने फरशीवर वस्तरा पडल्यास टोपणाचा पेचाचा खिळा मोडतो. घरी अशा वेळी दुसरा वस्तरा घेता येतो. परगावी सगळा संच निरुपयोगी होतो. पितळेचा किंवा अगंज पोलादाचा वस्तरा या दृष्टीने प्रवासाला योग्य होय. मूठ फिरवली की कवाडांसारखे उघडणारे, १९३४ पासून प्रचारात आलेले एकसंध वस्तरे वापरास सुखाचे असले, तरी ते सपाट होत नाहीत आणि त्यांतील सांध्यांत साबण साचून राहतो. पात्याची कड किती बाहेर असावी हे ज्याच्या त्याच्या दाढीवर अवलंबून आहे. तथापि अपुरा उजेड, थंड पाणी आणि घाई ही प्रवासात गृहीतच धरावी लागतात. तेथे घरच्यापेक्षा सौम्य वस्तरा बरा. क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, हेही किनाऱ्यावरील गावी लक्षात ठेवावे लागते.

ओला वस्तरा बंद पेटीत ठेवणे हा जुन्या काळचा नेहमीचा दोष होता. कार्बन पोलादाची पाती एका रात्रीत गंजत. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विल्किन्सन सोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या अगंज पोलादी पात्यांनी हा प्रश्न बराच सोडविला. त्यानंतर थोड्याच काळात, १९७५ मध्ये, बिक या फ्रेंच कंपनीने संपूर्ण वस्तराच टाकून देण्याजोगा केला. पाच-दहा ग्रॅम वजनाचे हे प्लॅस्टिकचे साधन प्रवाशाला अतिशय सोयीचे ठरले. चांगल्या प्रवासी वस्तऱ्यांचे उत्पादन पुढे कित्येक वर्षे खुंटले, यात नवल नाही. दुधारी पाते झिजून संपते तेव्हा एक ग्रॅमाहून कमी पोलाद उरते. प्लॅस्टिकच्या वस्तऱ्यात मात्र तेवढ्याच धारेसाठी मूठही कचऱ्यात जाते आणि प्लॅस्टिक व पोलाद एकत्र घट्ट बसविलेले असल्याने त्यांचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही. या जाणिवेतून एकविसाव्या शतकात धातूचे वस्तरे पुन्हा मागणीत आले आहेत.

त्यांच्या पुनरागमनात अडसर आला तो विमानतळावर. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर प्रवासी सामानावरील निर्बंध कडक झाले. अमेरिकेच्या नियमांनुसार प्लॅस्टिकचा बंदिस्त पात्यांचा वस्तरा विमानात जवळ ठेवता येतो. सुट्या पात्याचा वस्तरा पाते काढूनच नेता येतो आणि पाती सामानकक्षातील पेटीत ठेवावी लागतात. केवळ हातातील पिशवी घेऊन प्रवास करणाऱ्याजवळ त्यामुळे टोपण, तबकडी आणि मूठ एवढेच उरते. उतरल्यावर मुक्कामाच्या गावी पात्यांचे पाकीट विकत घ्यावे लागते, आणि १९३० सालची खाच सर्वत्र सारखी असल्याने ते त्याच्या वस्तऱ्यात बसते.