जुन्या गाडीला नवे अलॉय? दोन मिलिमीटरच्या फरकाने चाक निखळू शकतं

आदिलाबाद : जुनी स्पोर्टी गाडी हौसेने सांभाळणारे गाडीवाले जिल्ह्यात थोडे असले तरी आहेत. कुणाकडे फियाट पॅलिओ १.६, कुणाकडे जिप्सी, कुणाकडे आजोबांच्या काळची विलीज जीप. इंजिनाचं काम झालं, रंग मारून झाला की पुढची हौस ठरलेली असते, अलॉय व्हील. ते आणायला नागपूर नाही तर हैदराबाद गाठलं जातं, आणि येताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नव्या चाकांची पहिली चाचणीही होऊन जाते. घोळ इथेच होतो. चार बोल्ट आवळले गेले म्हणून चाक बरोबर बसलं असं होत नाही. हा प्रकार नेमका काय आहे, काय तपासायचं आणि कायदा व विमा काय म्हणतो, ते एकत्र पाहू.

पॅलिओचं उदाहरण

पॅलिओ २००१ मध्ये भारतात आली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. तिची १.६ लिटरची जीटीएक्स ही सुमारे १०० अश्वशक्तीची आवृत्ती तेव्हाच्या लहान गाड्यांत वेगवान मानली जायची, म्हणून आजही तिचे चाहते आहेत. खऱ्या अर्थाने दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणावी अशी सॅन स्टॉर्म गोव्यात तयार व्हायची. तिला रेनॉचं इंजिन होतं. दोन्ही गाड्या आता बंद आहेत. मूळ चाकं सहज मिळत नाहीत, म्हणून बाहेरची चाकं घ्यावी लागतात.

पॅलिओच्या चाकाला चार बोल्ट असतात. हे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास ९८ मिलिमीटर आहे. यालाच पीसीडी म्हणतात. बाजारात मात्र ढीगभर चाकं १०० मिलिमीटरची आहेत, कारण स्विफ्ट आणि ह्युंदाईच्या बऱ्याच लहान गाड्या त्याच मापाच्या आहेत. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर. पाना मारला की बोल्ट आत जातो, दुकानदार म्हणतो, "भाऊ, बसलं बघा!" पण बोल्टचं निमुळतं डोकं भोकाच्या एकाच कडेला टेकलेलं असतं. गाडी पळू लागली की प्रत्येक फेऱ्याला बोल्टवर वाकडा ताण येतो. बोल्ट हळूहळू ढिला होतो किंवा तुटतो. आधी स्टिअरिंग थरथरतं, मग खटखट आवाज येतो, आणि तरी दुर्लक्ष केलं तर चाक निखळू शकतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला आणि सरळ उपाय म्हणजे ४ x ९८ मापाचंच चाक शोधणं. दुसरा, हलत्या डोक्याचे खास बोल्ट, जे एवढा लहान फरक सांभाळून घेतात. ते नामांकित कंपनीचे आणि योग्य लांबीचे असतील तरच घ्यावेत. लेथवर भोकं वाढवून घेणं किंवा नवीन भोकं पाडून घेणं हा उपाय नाही. त्याने चाकाची ताकद कमी होते आणि ते पुन्हा भरवशाचं राहत नाही.

विकत घेण्याआधी हे आकडे विचारा

१) पीसीडी : पॅलिओला ४ x ९८, जिप्सीला आणि जुन्या जीपला ५ x १३९.७. दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका, स्वतः मोजून घ्या.

२) मधलं भोक : पॅलिओच्या हबवरचा उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा आहे. चाकाचं मधलं भोक त्यावर घट्ट बसलं तर चाक मधोमध राहतं. बाहेरच्या अलॉयचं भोक अनेकदा मोठं असतं, तेव्हा मधे बसणारी योग्य मापाची रिंग लावावी. स्विफ्टचं मूळ चाक ५४.१ मिलिमीटरचं असल्याने पॅलिओच्या हबवर ते बसतच नाही. मग कुणी ते लेथवर मोठं करून देतो. अशा चाकापासून लांब राहा.

३) ऑफसेट : चाकाच्या मागच्या बाजूला ईटी ३५, ईटी ३८ असा आकडा असतो. तो कमी झाला तर चाक बाहेर सरकतं. दिसायला गाडी दांडगी वाटते, पण बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात झटका देतं आणि टायर मडगार्डला घासतं. मूळ आकड्यापासून पाच मिलिमीटरपेक्षा जास्त दूर जाऊ नये.

४) भार क्षमता : चाकावर ती किलोत कोरलेली असते. एका धुऱ्यावर जास्तीत जास्त जेवढं वजन येतं, त्याच्या निम्म्याहून ती कमी नको. आयएसआय किंवा जपानी जेडब्ल्यूएल खूण आहे का, तेही बघा. खूण नसलेलं स्वस्त चाक घेऊ नका.

५) बोल्टची बैठक : बाहेरच्या अलॉयला बहुधा शंकूसारखी निमुळती बैठक असते. काही कंपन्यांच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक असते. दोन्हींचे बोल्ट किंवा नट वेगळे असतात. एकाचे दुसऱ्याला लावले तर आवळलेले वाटतात, पण पकड नसते.

टायरचा हिशेब

समजा मूळ टायर १६५/८० आर १३ आहे. त्याची एकूण उंची साधारण ५९४ मिलिमीटर भरते. त्याऐवजी १९५/५५ आर १५ घेतलं तर ५९५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. १७५/६५ आर १४ घेतलं तर ५८३, म्हणजे सुमारे दोन टक्के कमी. फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, नाही तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि गिअरचं गणित बिघडतं.

रस्त्याचाही विचार करा. टायर जितकं चपटं तितका खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. आदिलाबाद ते पांढरकवडा चौपदरी महामार्गावर चपटं टायर चालून जाईल. उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या आतल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर तेच टायर रिम वाकवतं. लोखंडी रिम वाकते, ती सरळ करता येते. अलॉयला तडा जातो, आणि वेल्डिंग केलेलं अलॉय पुन्हा महामार्गावर न्यायच्या लायकीचं राहत नाही.

टायर जुनं आहे का तेही बघा. बाजूच्या चार आकडी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कारसाठी नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमाने बाद.

बसवताना

वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीच्या हबवर गंज आणि जुना रंग साठलेला असतो. तारेच्या ब्रशने तो भाग चकचकीत करा. मधे गंज राहिला तर नंतर तो दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा, ग्रीस लावू नका. आटे झिजलेले बोल्ट सरळ बदला.

टायर चढवण्याआधी नुसती रिम लावून हाताने फिरवा. ब्रेक कॅलिपरला कुठे घासते का पाहा. टायर लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि मागे चार माणसं बसवून पुन्हा तपासा.

बोल्टचे आटे आत किती जातात हे फार महत्त्वाचं. बोल्टच्या जाडीइतका भाग तरी आत गेला पाहिजे. पॅलिओचा बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा आणि १.२५ च्या आट्यांचा आहे, म्हणजे हाताने किमान नऊ-दहा फेरे बसले पाहिजेत. मधे स्पेसर टाकला की तेवढे फेरे कमी होतात. वॉशर एकावर एक टाकून जागा भरणं तर सरळ धोकाच.

बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि चाक जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने शेवटची ओढ द्या. लहान गाड्यांना साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पायाने पान्यावर उडी मारून आवळणं किंवा एअर गनने शेवटपर्यंत कसणं टाळा, आटे ताणले जातात. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. नागपूरला चाकं बसवून निघालात तर घरी पोचायला सुमारे २०० किलोमीटर आहेत, म्हणून हिंगणघाटच्या आसपास थांबून पाना लावून बघा.

स्टेपनी विसरू नका

अलॉयचे बोल्ट बहुधा लांब असतात. पंक्चर झालं आणि लोखंडी स्टेपनीला तेच लांब बोल्ट लावले, तर ते आत जास्त घुसून ब्रेकच्या भागाला लागू शकतात. म्हणून मूळ बोल्टचा संच पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.

जुन्या विलीज जीपवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नेहमीप्रमाणे उघडायला गेलं की स्टड तुटतो. एमजीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या तारांच्या चाकांना मधोमध एकच मोठा नट असतो. तिथेही डावी-उजवी बाजू वेगळी, आणि अदलाबदल झाली की नट चालता चालता सुटतो.

आरसी आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. म्हणजे एपी ०१ नंबरच्या जुन्या गाडीला तपासणीसाठी परिवहन कार्यालयात जावंच लागतं. तिथे मडगार्डबाहेर आलेलं चाक आधी नजरेत येतं. मूळ चाकं विकू नका, ती घरात ठेवा. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेतली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर गाडी मूळ स्वरूपात असणं ही अट आहे.

विम्याचं काम पाच मिनिटांचं आहे. कंपनीने बसवून न दिलेलं साहित्य पॉलिसीत किमतीसह नोंदवलेलं नसेल, तर चोरीत किंवा अपघातात त्याची भरपाई मिळणं कठीण. चाकांचं पक्कं बिल घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

शेवटी खर्चाचा हिशेब. चार अलॉय आणि चार टायरच्या खर्चापुढे टॉर्क रेंच, योग्य मापाची रिंग आणि बोल्टचा नवा संच यांचा खर्च किरकोळ आहे. पैसे कमी पडत असतील तर अलॉय पुढच्या हंगामावर ढकला. कापसाचे पैसे आल्यावर चाकं घेता येतील. तोवर मूळ लोखंडी चाकं घासून-रंगवून घेतली तरी गाडी शोभून दिसते आणि महबूब घाटातही ती भरवशाची राहतात.