आधी दावण की आधी बाग? बहात्तरच्या दुष्काळाची एक बाजू

मे महिना आला, विहिरीनं तळ दाखवला की शेतकऱ्याच्या घरात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो: उरलेलं पाणी आधी कुणाला, दावणीला की बागेला? आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासावर.

आमच्या माणदेशातल्या घरी बहात्तरची गोष्ट बैलांपासूनच सुरू होते. आजी सांगायची, "पोरा, एक बैल इकला आन् दुसऱ्याला जगवला." तेव्हा मला वाटायचं, निम्मं तरी वाचलं की! नंतर कळलं, एका बैलाचा नांगर चालत नाही. जोडी मोडली म्हणजे पाऊस पडूनही पेरणीसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं.

१९७२ चा पाऊस गेला, पण त्याआधीची दोन वर्षंही बऱ्याच भागात ओढीचीच होती. त्यामुळे घरातली कणगी आणि कडब्याची गंज, दोन्ही आधीच खाली आलेली. दुष्काळात बाजार कसा उलटा फिरतो बघा. कडबा महाग होतो, म्हणून सगळे एकदमच जनावरं बाजारात आणतात, आणि म्हणून जनावर मातीमोल जातं. पाऊस पडल्यावर सगळ्यांनाच बैल हवे असतात, तेव्हा तोच बैल परवडत नाही. दुष्काळ संपल्यावरही शेतकरी पुढची काही वर्षं का सावरत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे.

माणसांसाठी सरकारनं कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, बंडिंग. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक अशा कामांवर होते. मिलो आणि सुकडी हे शब्द त्या पिढीसमोर नुसते उच्चारून बघा, चेहरा बदलतो! वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

आता बागेकडे येऊ. बहात्तरला कोरडवाहू गावात बाग म्हणजे काय, तर परसातला शेवगा, लिंबू, फार तर एखादी पपई. भांडी घासलेल्या पाण्यावर ती जगायची. चित्र बदललं १९९० नंतर. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोरड्या रानात डाळिंब, बोर, आंबा, मोसंबी उभी राहिली. योजना चांगलीच होती, घराघरात पैसा आला. पण झाड वर्षानुवर्षं पाणी मागतं. ज्वारी एका हंगामात गेली तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, मोसंबी वाळली की कित्येक वर्षांची मेहनत सरपणाला जाते. विहीर आटली की बोअर, बोअर आटलं की आणखी खोल बोअर. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात टँकरनं पाणी विकत घेऊन बागा जगवायची धडपड झाली, आणि तरी कित्येक बागांवर कुऱ्हाड पडली. दावणीलाही तोवर बैलांच्या जागी संकरित गाई आल्या होत्या. दूध जास्त, पण पाणीही जास्त आणि उन्हाचा त्रासही जास्त. माण, सांगोला, बीडकडे माणसं जनावरांसोबत छावणीतच राहायला गेली.

म्हणजे बहात्तरला धान्य नव्हतं, दोन हजार बाराला पाणीच नव्हतं.

याच बहात्तरनं दुसरंही उत्तर दिलं होतं. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे दुष्काळी कामं बघून अस्वस्थ झाले. पुरंदरमधल्या नायगावला देवस्थानची पडीक जमीन घेऊन त्यांनी प्रयोग केला, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरणार. माणशी अर्धा एकर भिजेल एवढंच पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही.

मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. आपण आधी झाड लावतो, गाय आणतो आणि मग पाणी शोधतो. साळुंख्यांनी आधी पाणी मोजलं.

आजीनंही एका अर्थी मोजलंच होतं, पण तेव्हा दावणीला दोन बैल होते आणि चारा एकाचाच. तुमच्या घरी बहात्तरला काय विकलं, काय जगवलं? ज्यांना आठवतंय ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. भेटूया पुढच्या भागात.