घरची गोष्ट, सीमेवरची गोष्ट

1848 साली अमेरिका आणि मेक्सिकोमधलं युद्ध संपलं. ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. तिथली माणसं जागची हलली नव्हती, सीमाच त्यांच्या अंगणावरून पुढे सरकली होती. त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी विसाव्या शतकात स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवून घेतलं. त्यांच्या साहित्यातल्या समलैंगिक लेखकांचा इतिहास वाचताना मला अल्पसंख्य समाजांचा एक जुना पेच पुन्हा भेटला. बाहेरून अन्याय होत असताना घरातल्या अन्यायाबद्दल बोलायचं की नाही?

एल पासोत जन्मलेल्या जॉन रेची यांची ‘सिटी ऑफ नाइट’ ही कादंबरी 1963ची. शहरोशहरी देहविक्रय करत फिरणाऱ्या तरुणाची ही कथा खूप खपली. पण चिकानो साहित्यात तिला बराच काळ जागा मिळाली नाही. 1969मध्ये डेन्व्हरच्या युवक परिषदेत चळवळीचा जाहीरनामा आला. वंशाभिमान, कुटुंब आणि बंधुभाव हे चळवळीचे आधार होते. वर्णद्वेषाशी लढणाऱ्यांना अशा एकजुटीची गरज होती, हे खरंच. मात्र त्या कुटुंबात स्त्रीची जागा ठरलेली होती आणि समलैंगिकांना जागाच नव्हती.

हा पेच चेरी मोरागा यांनी थेट मांडला. 1983च्या ‘लव्हिंग इन द वॉर इयर्स’मध्ये त्या आपल्या घरापासून सुरुवात करतात. भाऊ आणि त्याचे मित्र आले की त्यांची सरबराई बहिणींनी करायची. तिथून त्या मालिंचेपर्यंत जातात. मालिंचे ही स्पॅनिश आक्रमक कोर्तेसची दुभाषी. मेक्सिकोत तिचं नाव फितुरीसाठी घेतलं जातं. मोरागा दाखवतात की पुरुषाच्या शब्दाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीवर हाच शिक्का बसतो. समलैंगिक स्त्रीवर तर आधी.

त्याआधी 1981मध्ये मोरागा आणि ग्लोरिया आन्झाल्दुआ यांनी ‘दिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हा संग्रह संपादित केला होता. त्यात गोऱ्या स्त्रीवाद्यांनाही जाब विचारलेला आहे. माझ्या मते महत्त्वाची गोष्ट हीच. या लेखिका आपल्या समाजाची चिकित्सा करतात, पण त्याला झोडपायला बाहेरच्यांच्या हाती काठी देत नाहीत.

आन्झाल्दुआ टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल त्यांनी मार खाल्ला होता. 1987च्या ‘बॉर्डरलँड्स’मध्ये त्या इंग्रजी, स्पॅनिश आणि नाहुआत्ल एकत्र वापरतात आणि बऱ्याच ठिकाणी भाषांतर देत नाहीत. ‘होमोफोबिया’ म्हणजे घरी जाण्याची भीती, असा एका विद्यार्थिनीचा गैरसमज झाला होता. आन्झाल्दुआंना तो अर्थ अगदी चपखल वाटला. आपल्याच माणसांनी आपल्याला टाकलं तर, ही ती भीती.

आर्तुरो इस्लास यांच्या ‘द रेन गॉड’ (1984) या कादंबरीत ती भीती खरी ठरते. फेलिक्स या कुटुंबवत्सल माणसाला एक तरुण सैनिक ठार मारतो. गुन्हेगारावर खटला उभा राहत नाही आणि घरचेही गप्प राहतात. न्यूयॉर्कच्या अनेक प्रकाशकांनी ही कादंबरी नाकारली. शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रकाशनाने ती छापली. इस्लास 1991मध्ये एड्सने गेले.

मुसलमान म्हणून मला हा पेच परका नाही. ‘आत्ताच हे कशाला काढता?’ हा प्रश्न आपल्याकडेही ऐकू येतो. विचारणाऱ्याची भीती खोटी नसते. आपल्या दोषांचं भांडवल करणारे बाहेर टपलेले असतातच. पण फेलिक्सच्या घरच्यांनी अब्रूसाठी मौन पाळलं, तेव्हा त्याचा फायदा मारेकऱ्यालाच झाला. समाजाची इभ्रत जपताना आपण कोणाला एकटं पाडतो आहोत, हे आपणही स्वतःला विचारायला हवं.