सामाजिक दायित्व आणि धंद्याचा लाभ : गोडादरा (सुरत)

गोडादरा ही सुरतेच्या आग्नेयेला, लिंबायत आणि डिंडोलीला लागून असलेली कामगारवस्ती. भुसावळ–सुरत लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली. पोट भरते ते मुख्यतः यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या मिलवर. सामाजिक दायित्वाने (सीएसआर) मालकाचे भले होते का, हा प्रश्न अशा वस्तीत तपासून पाहावा.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. एकमालकी वा भागीदारीतले माग-कारखाने यातून आपोआप सुटतात. सक्तीच्या दायित्वामुळे भागधारकांना तोटाच झाला, असे मंचिराजू आणि राजगोपाल या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवले. कायद्याच्या कक्षेत आलेल्या कंपन्यांच्या समभागांचे मूल्य सरासरी ४.१ टक्क्यांनी उतरले होते.

सुरतेतला एक अनुभव मात्र वेगळा आहे. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने येथे धुरातील कणांसाठी उत्सर्जन-व्यापार योजना सुरू केली. बॉयलरच्या चिमणीत मापक बसवले, एकूण उत्सर्जनाला मर्यादा घातली आणि परवाने खरेदी-विक्रीस खुले केले. ज्याचा धूर कमी, तो उरलेले परवाने विकू लागला. ३०० हून अधिक कारखान्यांवरील अभ्यासात योजनेतल्या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले, आणि तेवढेच प्रदूषण रोखण्याचा खर्चही सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरला. ही योजना सक्तीची होती, सीएसआर नव्हे. पण जबाबदारी उत्पादनातच मुरली की ती परवडते, हे तिने सिद्ध केले. वार्षिक अहवालातल्या छायाचित्रांपुरत्या वह्यावाटपाने हे साधत नाही.

कामगारांबाबतही तेच. २०२० च्या टाळेबंदीत हजारो कामगार गावी परतले. मिल उघडल्या तेव्हा माग चालवायला हात अपुरे पडले. मीटरवर मजुरी घेऊन बारा तासांची पाळी करणाऱ्याला संकटात थांबावेसे वाटेल असे काही शहरात नसेल, तर तो थांबणार नाही. त्याची किंमत मालकालाच मोजावी लागते.

केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च मात्र कायदा सीएसआर मानत नाही. पगार आणि सोयींनाच कोणी दायित्वाचे नाव देऊ नये, म्हणून ही अट योग्यच आहे. मात्र सगळ्या वस्तीला खुला असलेला दवाखाना किंवा पाळणाघर त्यात बसते, आणि स्थानिक परिसराला प्राधान्य द्या, असे कलम १३५ स्वतःच सांगते. सुरतेतल्या मिलमालकांनी दोन टक्क्यांचा हा पैसा आधी गोडादरा, लिंबायत, डिंडोलीकडे वळवावा.