खुंजा हुमायूं : चित्रांतून पुसलेली नगरची बेगम

नगर म्हटलं की चांदबिबी आठवते. आज तिच्या आईबद्दल बोलू, खुंजा हुमायूं, हुसेन निजामशहाची बेगम.

१५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि काही महिन्यांतच हुसेन वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार बेगमेनं हाती घेतला. त्याच काळात आफताबी नावाच्या कवीनं हुसेनच्या पराक्रमावर फारसी काव्य लिहिलं, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. पोथीत रंगीत चित्रं आहेत, आणि बघा, शहाच्या अगदी शेजारी बेगम बसलेली! त्या काळच्या दरबारी पोथीत हे फार दुर्मिळ.

१५६९ मध्ये मुर्तझानं आईलाच कैद केलं. आज त्या पोथीतल्या बहुतेक चित्रांत बेगमेवर रंग फासलेला दिसतो. शहा जागेवर, शेजारी नुसता डाग. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

पुढे वीसेक वर्षांनी तिकडे उत्तरेत अकबरानं आत्याला, म्हणजे बाबराची मुलगी गुलबदन बेगमला, आठवणी लिहायला सांगितलं. तिनं ‘हुमायूननामा’ लिहिला. मेजवानीत कोणकोण बायका होत्या, त्यांची नावंसुद्धा दिली! दरबारातला कुठला बखरकार हे लिहिणार होता? खुंजाची गोष्ट मात्र दुसऱ्यांच्या लेखणीत आणि कुंचल्यात राहिली.

नगरची ती पोथी आता पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. फासलेल्या रंगाखाली बेगमेची आकृती काही ठिकाणी अजून पुसट दिसते.