लेआऊट पाडून झाला, सोसायटी झोपली

बुलढाण्यात सहकार म्हटले की समोर येते ती पतसंस्था. साहजिकच आहे. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांवर उभी केलेली बुलडाणा अर्बन आज देशातल्या मोठ्या पतसंस्थांत मोजली जाते. गृहनिर्माण सोसायटीला जिल्ह्यात असा मान कधी मिळाला नाही. वास्तविक दोन्हींचे मूळ एकच, आणि एकाच माणसापर्यंत जाणारे.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला. दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या मोडल्या, रस्ते काढले आणि नवे भूखंड भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. गिरगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारकुनाला तो भूखंड एकट्याने परवडणे शक्य नव्हते. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये आपल्या सारस्वत ज्ञातीसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतपेढी काढली होती. पण १९०४ चा सहकारी कायदा फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. इतर कामांसाठी संस्था काढण्याची मुभा १९१२ च्या कायद्याने दिली, आणि १९१५ मध्ये तालमकींच्याच पुढाकाराने मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. जमीन-इमारत संस्थेची, आणि सभासद म्हणजे एका अर्थाने आपल्याच संस्थेचा भाडेकरू, अशी ती रचना.

सोसायटीचे मूळ गावकीत शोधणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. गावकीतले स्थान जन्माने ठरायचे. सोसायटीत शेअर घ्यावा लागतो आणि मत एकच मिळते, घर एक खोलीचे असो की चार. जात मात्र सुटली नाही. सुरुवातीच्या संस्था ज्ञातीच्याच होत्या, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा पोटनियम ग्राह्य धरला.

बुलढाण्याची वाट निराळी. वऱ्हाडातला हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्याच्या बाहेर. शिवाय इथे टंचाई खोलीची नव्हती, पैशाची होती. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा १९६२ पासून अमलात आला. त्याच्या नियमांत एक प्रकार असा आहे की जमीन संस्थेची आणि घर ज्याचे त्याचे. आपल्याकडच्या नोकरदारांना, म्हणजे शिक्षक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी, कचेरीतले बाबू यांना, हा प्रकार सोयीचा पडला. निरनिराळ्या घरचे दहाजण जमवायचे, सहायक निबंधकाकडे नोंदणी करायची. गावाबाहेरचे शेत घ्यायचे, ते एनए, म्हणजे बिगरशेती, करायचे, टाऊन प्लॅनिंगचा नकाशा आणायचा, दगड रोवायचे आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटायचे. कोपऱ्याचा प्लॉट ज्याला लागला त्याच्या नशिबाची चर्चा पुढे वीस वर्षे चालायची.

प्लॉट वाटले की संस्थेचे काम संपले, असे सगळ्यांनी धरून टाकले. ऑडिट कागदावर झाले, सर्वसाधारण सभा इतिवृत्ताच्या वहीतच भरली, अध्यक्ष निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. मग एखादा सभासद प्लॉट विकायला निघतो. शेअर हस्तांतर करायचे, संस्थेचा नाहरकत दाखला हवा, आणि शिक्का कोणाच्या कपाटात आहे हे कुणालाच ठाऊक नसते. सभासदांची नोंद ठेवणारे ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातले रजिस्टर सापडले तरी त्यात निम्मी नावे मयतांची.

तशीच गत ओपन स्पेसची. बांधकामाच्या आजच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या जमिनीत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सांभाळायची कोणी? सोसायटी झोपलेली, आणि खासगी लेआऊटमध्ये तर सोसायटी मुळातच नसते. आधी तिथे एक ओटा होतो, ओट्यावर देऊळ होते, मग आमदार निधीतून सभामंडप येतो. देवळाला माझी हरकत नाही. पण तो निर्णय कुणी घेतला हे विचारायला जागाच नाही, ही खरी अडचण.

दरम्यान मुंबईत सोसायटीचा धर्मच पालटला. बिल्डर फ्लॅट विकायचे आणि जमीन आपल्याच नावावर ठेवायचे, म्हणून १९६३ चा मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, आला. आता सोसायटी आधी आणि घर मागून असे राहिले नाही. फ्लॅट विकल्यावर सोसायटी काढून देणे आणि जमीन तिच्या नावे करणे ही बिल्डरची जबाबदारी झाली. ती सर्रास टाळली गेली, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, बोलीभाषेत डीम्ड कन्व्हेयन्सची, तरतूद करावी लागली.

बुलढाणा, खामगाव, शेगावला अपार्टमेंट उभ्या राहू लागल्या तेव्हा हा सगळा वारसा आयता मिळाला. त्याचा उपयोग उन्हाळ्यात कळतो. नळाला कित्येक दिवस पाणी नाही, बोअर आटलेला, टँकर मागवायचा. पैसे कोणी किती द्यायचे आणि तळमजल्यावाल्याने द्यायचे की नाही, हे ठरवायला सभा लागते आणि लिहून ठेवायला वही. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात टाकला असेल तर गच्चीच्या गळतीत हात पसरावे लागत नाहीत. फ्लॅट विकताना घ्यायच्या हस्तांतर शुल्कालाही मर्यादा आहे: महापालिकेत २५ हजार, तर बुलढाणा शहराला चिकटलेल्या सुंदरखेडसारख्या ग्रामपंचायतीत ५ हजार.

अडचण लहान इमारतींची. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरात, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखाली, नोंदणीची सक्ती नाही, आणि तालुक्याच्या गावी अशाच इमारती फार. सोसायटी काढावी तर पूर्वी दहाजण लागत, ते आणायचे कुठून? २०१९ च्या दुरुस्तीने ही अट किमान पाचजण किंवा मंजूर नकाशातल्या ५१ टक्के सदनिका, यांतली मोठी संख्या, इतकी खाली आणली. म्हणजे आठ फ्लॅटच्या इमारतीत पाचजण एकत्र आले की अर्ज करता येतो. बिल्डर सही देत नसेल तर त्याच्या असहकार्याचे कारण देऊनही. जमीन मात्र तेवढ्याने संस्थेच्या नावावर येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, आणि तो जिल्हा उपनिबंधकांकडे.