बारामतीचा लेझर आणि मेंदूतली गाठ

श्रीगोंद्याच्या दक्षिणेला भीमा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. त्या बाजूच्या बारामतीत 1938 साली चंद्रकुमार नारणभाई पटेल जन्मले. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि 1964 साली तिथल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर तयार केला. आमच्याकडे साखर कारखान्यांच्या चेअरमनांची नावं पाठ असतात, हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

हल्ली कवटी न उघडता मेंदूतली गाठ लेझरने जाळतात. मग कुणीतरी म्हणतंच, "हा तर आपल्या बारामतीकराचा लेझर!" मी इतिहास शिकवला आहे. अभिमान असावा, पण हिशेब चोख हवा.

पटेलांच्या लेझरचा किरण शरीरातलं पाणी वरच्यावर शोषून घेतं. म्हणून तो सुरीसारखा छान कापतो, पण खोल जात नाही. साध्या काचतंतूतूनही तो नेता येत नाही. खोलवरच्या गाठीसाठी उपयोगी पडला तो निओडिमियम-याग लेझर. गंमत म्हणजे तोही 1964 चाच आणि बेल प्रयोगशाळेतलाच, पण दुसऱ्या शास्त्रज्ञांचा! त्याचा किरण बारीक काचतंतूतून जातो आणि पेशींत काही मिलिमीटर शिरतो. असा तंतू थेट गाठीत घालून ती आतून तापवावी, ही कल्पना 1983 साली स्टीफन बाऊन या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडली.

घोडं पुढे अडलं. उष्णता किती पसरली हे दिसणार कसं? मेंदूत गाठीला लागूनच बोलण्याचं किंवा हात हलवण्याचं केंद्र असू शकतं. तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

उत्तर एमआरआयने दिलं. पाण्यातल्या हायड्रोजनचा एमआरआयमधला सूर तापमानाबरोबर बदलतो, एका अंशाला दहा कोटींत एक भाग इतका. तेवढ्यावरून तापमानाचा नकाशा काढण्याची पद्धत जपानी संशोधकांनी 1995 साली मांडली. आता कवटीला काही मिलिमीटरचं भोक पाडून तंतू आत घालतात आणि पेशी तापताना डॉक्टर पडद्यावर बघत असतात. साठ अंशांच्या आसपास पेशी लगेच मरतात. जपायच्या जागेपाशी ठरवलेली मर्यादा ओलांडली की यंत्र लेझर बंद करतं. अशा यंत्राला अमेरिकेत 2007 साली परवानगी मिळाली.

नात्यात कुणाला मेंदूची गाठ निघाली की घरचे आधी विचारतात, "लेझरने नाही का होणार?" प्रत्येकाचं होत नाही. लहान, खोल गाठ किंवा फिट्स जिथून सुरू होतात ती छोटी जागा यासाठी हा उपाय आहे. मोठ्या गाठीला सूज येण्याचा धोका असतो, तिथे उघडं ऑपरेशनच लागतं. हे न्यूरोसर्जनकडूनच समजून घ्यावं.

असो. नातवंडांना पटेलांचं नाव जरूर सांगा. 1996 साली त्यांना अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं हेही सांगा. दुसऱ्यांचं काम मात्र त्यांच्या खात्यावर घालू नका. त्यांच्या स्वतःच्या कामात काय कमी आहे?